वरातीची घोडी आणि निलगिरीचे वासे: ग्रिडवर्कच्या आठ आठवड्यांचा अनुभव

आमची मैना आमच्याकडं यायच्या आधी पाच-सहा हंगाम वरातीत नाचली. पांढरी, मारवाडी रक्ताची, खांद्याला 57 इंच. डीजेच्या भिंतीपुढं ती शांत उभी राहते. उसाची डबल ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर गाणी लावून शेजारून गेला तरी कान हलवत नाही. पण जमिनीवर साधा एक वासा आडवा दिसला की चारी पाय खिळायचे, मान वर, नाकपुड्या फुगलेल्या, आणि पुढच्या क्षणी घोडी मागं मागं. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला तिनं या भीतीपोटी दोनदा पाडलं.

ही भीती तिला वरातीनं दिली नव्हती. ती आम्ही फी भरून आणली. मुलीला जंपिंग शिकायचं होतं म्हणून एका ठिकाणी शिकवणी लावली, नाव लिहीत नाही. तिसऱ्याच दिवशी मैनेला अडीच फुटांवर बांधलेल्या वाशासमोर नेलं. ती थांबली. मागून चाबूक बसला. तिनं जागच्या जागी उडी घेतली, मागचे पाय अडकले आणि ती वाशासकट खाली आली. मुलीचं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मी कठड्याला टेकून उभा होतो आणि शिकवणाऱ्याला कळत असेल म्हणून गप्प बसलो. ते मला अजून टोचतं. हे सगळं लिहायला बसलो त्याचं कारणही तेच. आपल्याकडं घोडा पाळणारे पुष्कळ आहेत, पण घाबरलेल्या घोड्याला परत उभं कसं करायचं हे विचारायला जागा नाही.

मला ती जागा मिळाली कोल्हापूरच्या पन्हाळा रस्त्याला. पाटी नाही. रस्ता सोडून उसाच्या दोन फडांमधून आत गेलं की सहा घोड्यांची पागा आणि तांबड्या मातीचं एक मैदान लागतं. चालवणारे गृहस्थ घोडदळातून निवृत्त झालेले दफेदार आहेत. पंचक्रोशीत सगळे त्यांना दफेदारच म्हणतात. नाव आणि नंबर कुठं टाकायचा नाही असं त्यांनी बजावलंय, म्हणून टाकत नाही. शिकवणी ग्रिडवर्कची, म्हणजे वाशांच्या रांगेवरून घोडा नेण्याची: आठ आठवडे, आठवड्याला दोन दिवस, सकाळी साडेसहाला, फी 14,000 रुपये. घोडी आपली, खोगीर आपलं.

पहिल्या भेटीत मैनेवर कोणी बसलंच नाही. दफेदारांनी तिच्या पाठीवरून मणक्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत नेली. खांद्यामागं एका जागी तिनं कातडी थरथरवली आणि शेपूट झाडलं. मग त्यांनी आमचं खोगीर हातात घेऊन उलटं धरलं. पुढची कमान तिच्या खांद्याच्या हाडांना चिमटत होती. "घोडी न्हाई म्हणतीया तवा आधी दुखतंय का बघायचं, मग भ्या. आधी डॉक्टर, मग मी," एवढंच बोलून त्यांनी आम्हाला परत पाठवलं. पशुवैद्यांनी पाठ तपासली, दोन आठवडे विश्रांती सांगितली आणि दाढांना आलेली धारदार टोकं घासून घेतली. नालबंदानं वाढलेले खूर कापून नवे नाल ठोकले. खोगीर बदललं, तो खर्च वेगळा. फी घेण्याआधी गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस मला तिथंच पटला. घोडा उडी नाकारतो त्यामागं पाठ, दात, खूर यांतलं काहीतरी असण्याची शक्यता मोठी असते, आणि दुखऱ्या पाठीवर केलेला कोणताही सराव भीतीच पक्की करतो.

मैनेच्या तोंडात आम्ही वरातीच्या काळातला कडक लगाम तसाच ठेवला होता. तो त्यांनी काढायला लावला आणि जाड, गुळगुळीत, मधे एक सांधा असलेला साधा लगाम दिला. वरातीच्या घोड्यांना काटे असलेला लगाम घालतात तो तर 1965 च्या नियमांनीच बंद केलेला आहे, तरी लग्नसराईत तो अजून दिसतो. ज्यांच्या घरी घोडा आहे त्यांनी तोंडात काय घातलंय ते आजच बोट फिरवून बघावं.

आता ग्रिडवर्क म्हणजे काय ते सांगतो, कारण मीही हा शब्द नवा ऐकला होता. जमिनीवर ठरावीक अंतरानं वासे ठेवायचे, पुढं छोट्या उड्या एका रांगेत मांडायच्या आणि त्यांतली अंतरं अशी बसवायची की घोड्याचं पाऊल आपोआप योग्य जागी पडावं. स्वाराला काही करावं लागू नये. रांगच घोड्याला शिकवते: कुठून उठायचं, पाठ कशी गोल करायची, पुढचे गुडघे कसे वर घ्यायचे, उतरल्यावर तोल कसा सावरायचा. दर फेरीला तेच अंतर, तेच उत्तर. भ्यालेल्या जनावराला पुढं काय येणार हे आधी कळणं किती मोलाचं असतं ते मी इथं डोळ्यांनी पाहिलं.

माझा धंदा पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने, बनवायचा, शिवाजी उद्यमनगरात फाउंड्रीसाठी. लाकडाचा पॅटर्न नगापेक्षा किंचित मोठा करावा लागतो, कारण बीड थंड होताना आकसतं, फुटाला साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यासाठी आमच्याकडं घटीची वेगळी पट्टी असते. साध्या पट्टीनं मापलं तर नग लहान निघतो आणि माल परत येतो. दफेदारांचं काम बघताना मला सारखी ती पट्टी आठवायची. पुस्तकात ट्रॉटच्या, म्हणजे दुडकीच्या वाशांमधलं अंतर साडेचार फूट असतं. ते थरोब्रेडला, शर्यतीच्या मोठ्या जातीच्या घोड्याला ठीक. मैना लहान, त्यात नाचायची सवय लागलेली, म्हणजे पाय उंच आणि पाऊल आखूड. त्यांनी तिला आधी मोकळ्या मातीत सरळ दुडकी चालवली, मग खाली बसून खुरांचे ठसे मोजले. चार फूट. तिथून सुरुवात केली. मी टेप घेऊनच जायचो, तर मला म्हणाले, "मिस्त्री, टेप चांगली हाय, पर ठसं बघायला शिका." वाशांमधून घोडी गेली की खूर दोन वाशांच्या बरोबर मधे उमटला पाहिजे. पुढच्या वाशाला चिकटून उमटला तर अंतर कमी, मागच्याला चिकटून उमटला तर जास्त. आठवड्याभरात मलाही ते दिसायला लागलं.

आणि अंतर तेवढ्यावर ठरत नाही. माती भुसभुशीत असली की पाऊल आखडतं. चढाला आखडतं, उताराला लांबतं. पागेच्या दिशेनं तोंड केलं की लांबतं, पागा सोडून जाताना आखडतं. दमली की आखडतं. त्यांच्या मैदानाला पूर्वेकडं हलका उतार आहे, म्हणून तीच रांग उलट्या बाजूनं न्यायची असली तर ते प्रत्येक वासा दोन-तीन इंच सरकवायचे. दर वेळी. एका सकाळी मी मोजलं, पंचेचाळीस मिनिटांत त्यांनी बावीस वेळा वासे हलवले. मी फी दिली ती या सरकवण्याची.

पहिले चार आठवडे उडी नाहीच. सुरुवातीला घोडी हातात धरून एका वाशावरून चालवायची. पहिल्या दिवशी ती वाशापासून दहा फुटांवर थांबली, तर दफेदार तिच्याशेजारी दहा फुटांवरच उभे राहिले. दोरी सैल. तिनं मान खाली घालून वाशाकडं बघितलं तेवढ्यावर तिला वळवून लांब नेलं. पुन्हा आले, या वेळी सात फूट. पुन्हा वळवलं. चौथ्या वेळी ती स्वतः गेली, वासा हुंगला, ओठांनी चाचपला आणि पलीकडं पाऊल टाकलं. ओढणं नाही, मागून हाकणं नाही. दोरीचा ताण ती पुढं येते त्या क्षणी सुटायचा, आणि तेच तिचं बक्षीस. मला वाटलं होतं गूळ-बिळ देतील. दिला नाही.

मग ताडपत्री, निळी पिंपं, खताची रिकामी पोती. एकावर एक गर्दी नाही, दिवसाला एकच नवी वस्तू. तिसऱ्या दिवसापासून मुलगी पाठीवर. एका वाशावरून चाल, मग दुडकी, मग एकदम तीन वासे. दोन का नाहीत असं मी विचारलं, तर म्हणाले दोन ठेवले की घोडा त्यांना एकच रुंद अडथळा समजून उडी मारून जातो. तीन ठेवले की पावलं टाकतो. बरोबर होतं. मैनेनं आदल्या दिवशी घरी माझ्याकडून दोन वाशांवर तसंच केलं होतं.

मुलीची भीती हा वेगळा विषय होता, आणि तिथं त्यांनी जास्त कष्ट घेतले. पडल्यापासून ती घोडीच्या तोंडाला लटकायची. वासा जवळ आला की हात आपोआप मागं ओढले जायचे, म्हणजे मैनेला प्रत्येक वाशाजवळ तोंडात हिसका बसायचा आणि तिची भीती खरी ठरायची. दफेदारांनी रिकिबीचा जुना पट्टा मैनेच्या मानेत सैलसर बांधला. वाशांच्या रांगेत शिरलं की दोन बोटं त्या पट्ट्यात. तोल गेला तर पट्टा ओढला जाईल, तोंड नाही. दुसरं, तिला प्रत्येक वाशाला मोठ्यानं आकडा म्हणायला लावला. आकडा म्हणायचा तर श्वास सोडावा लागतो. श्वास सुटला की कंबर सैल होते, आणि कंबर सैल झालेली घोडीला पाठीवर लगेच कळते. तिसरं, नजर जोतिबाच्या डोंगरावर, खाली नाही. चौथ्या आठवड्यात हात बाजूला पसरून, लगाम गाठ मारून मानेवर ठेवून ती सहा वाशांवरून गेली आणि परत येताना तिचा चेहरा बघून मी कठड्याकडं पाठ केली.

एका सकाळी चहा पिताना ते कॅप्रिली नावाच्या इटालियन घोडदळातल्या कॅप्टनबद्दल बोलले. 1868 ते 1907 एवढंच आयुष्य. त्याच्या आधी स्वार उडीत मागं रेलायचे आणि लगाम ओढायचे. त्यानं घोडा मोकळा असताना उडी कशी मारतो ते नीट बघितलं, आणि स्वारानं पुढं झुकून मानेला मोकळीक द्यावी, घोड्याच्या आड येऊ नये असं शिकवलं. आज जगभर उडीतली बैठक तीच आहे. जमिनीलगतच्या छोट्या अडथळ्यांना कॅव्हॅलेटी म्हणतात तोही इटालियन शब्द, अर्थ छोटे घोडे.

पाचव्या आठवड्यात पहिली उडी. दोन वासे फुलीसारखे, मधे जेमतेम एक फूट उंच. फुली अशासाठी की मधली जागा सर्वांत खाली, घोडा आपोआप मधे येतो. तिच्या आधी आठ फुटांवर जमिनीवर एक वासा, म्हणजे उठायची जागा ठरून जाते. मैना दुडकीत आली, वासा ओलांडला आणि उडी म्हणण्यापेक्षा एक मोठं पाऊल टाकून पलीकडं. त्या दिवशी सहा फेऱ्या आणि बास. पुढच्या वेळी फुलीनंतर साडेसोळा फुटांवर दुसरी छोटी उडी, मधे कँटरचं, म्हणजे दुडकीच्या पुढच्या धावेचं एक पाऊल. पुस्तकी माप अठरा फूट. शेवटी शेवटी मैना सतरावर आली होती.

सहाव्या आठवड्यातला गुरुवार सविस्तर सांगायला हवा. त्या दिवशी बाउन्स लावला होता. बाउन्स म्हणजे दोन उड्या इतक्या जवळ की मधे पाऊल नाही, उतरायचं आणि तिथूनच उठायचं. अंतर नऊ फूट, उंची फूटभरसुद्धा नाही. मैना पहिल्या फुलीवरून उतरली, समोर दुसरी आलेली बघितली आणि आदळल्यासारखी थांबली. मग मागं सरकायला लागली. तेच डोळे, त्या पडलेल्या दिवसाचे. मुलगी पाठीवर रडायला लागली. दफेदारांनी आवाज न चढवता "बाळ, पट्टा धर," म्हटलं आणि स्वतः जाऊन दुसरी उडी काढली. पहिली काढली. जमिनीवरचे वासेही काढत काढत एकच ठेवला. मैना त्या एका वाशावरून चालत गेली. मुलीला खाली उतरवलं, खोगीर काढलं, संपलं. अकरा मिनिटं.

गाडीत बसताना मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. नऊशेच्या आसपास एका दिवसाची फी आणि अकरा मिनिटं. मंगळवारी पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी दुसरी फुली लावलीच नाही, तिच्या जागी नऊ फुटांवर जमिनीवर वासा ठेवला. त्यावरून चार फेऱ्या. मग त्या वाशाचं एक टोक विटेवर. मग दुसरं टोक. मग दोन्ही टोकं स्टँडला, सहा इंचांवर. मैनेला बाउन्स कधी सुरू झाला ते कळलंच नाही. आठ आठवड्यांतला सगळ्यात चांगला दिवस मला कोणी विचारला तर मी तो अकरा मिनिटांचा गुरुवार सांगेन, कारण त्या दिवशी घोडीनं नाही म्हटलं आणि कोणीतरी ते ऐकलं.

रंगाबद्दल एक गोष्ट. त्यांचे वासे निलगिरीचे, बिनरंगाचे, तांबड्या मातीत दिसायचे नाहीत. घोड्याला आपल्यासारखे सगळे रंग दिसत नाहीत. निळा आणि पिवळा त्याला वेगळे कळतात, लाल आणि हिरवा एकमेकांत मिसळतात. त्यात डोळे डोक्याच्या बाजूला, म्हणून चौफेर दिसतं पण नाकासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. उडीला उठताना तो अडथळा बघत नसतो, आधी बघितलेलं आठवून उडत असतो. ब्रिटनमध्ये शर्यतींच्या अडथळ्यांवरचा नारंगी रंग काढून पांढरा आणला तो याच कारणानं. मी रविवारी आठ वासे कारखान्यात आणून पांढरे केले, त्यांवर निळे पट्टे ओढले. पुढच्या आठवड्यात मैनेचे खूर वाशाला लागायचं निम्म्यावर आलं. हे माझं डोळ्यांनी केलेलं माप आहे, पण पॅटर्नवाल्याचा डोळा आहे.

आता उणं काय ते. मुलींसाठी आणि बायकांसाठी धड शौचालय नाही, पत्र्याचा आडोसा आहे, दारही नीट लागत नाही. मुलींना पाठवणाऱ्या आईबापांनी हे विचारात घ्यावं, आणि दफेदारांनी हे काम सगळ्यांत आधी करावं असं मी त्यांना तोंडावर सांगितलंय. स्टँड वेल्डिंग केलेले, कोपरे धारदार, दोन मी कानस मारून घेतले. वासा टेकायचे कप मात्र चपटे आहेत, धक्का लागला की वासा लगेच खाली पडतो, तेवढं चोख. मदतीला घोड्यांची निगा राखणारा एकच मोतद्दार. तो दाणापाण्यात अडकला की वासे पालकांनी उचलायचे. माझी हरकत नव्हती, पण कंबर दुखणाऱ्यांनी तयारीनं जावं. लेखी काही मिळत नाही. आज काय केलं, उद्या काय, सगळं त्यांच्या डोक्यात. मी वही ठेवली म्हणून इथं आकडे देऊ शकतोय. पहिले चार आठवडे मोबाइलनं शूटिंग करू देत नाहीत, मुलं कॅमेऱ्यासाठी बसतात म्हणून. हे मला पटलं नाही. स्वतःची बैठक बघून मुलगी पुढं जितकी सुधारली तितकी ऐकून सुधारली नाही. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर सगळं बंद, मैदानावर तळं होतं.

ज्यांना महिन्यात तीन फूट उडी मारून स्पर्धेला जायचंय त्यांनी जाऊ नये. तीनपेक्षा कमी वयाचं शिंगरू घेऊन आलेल्या एकाला दफेदारांनी माझ्यासमोर परत पाठवलं, हाडं भरू देत म्हणून. ज्यांचा घोडा अडतो, उधळतो, वाशाला घाबरतो, किंवा ज्यांचं मूल एकदा पडून पुन्हा बसायला तयार नाही, त्यांनी जरूर जावं.

आठव्या आठवड्याच्या शेवटी रांग अशी होती: चार वासे, फुली, नऊ फुटांवर बाउन्स, सतरा फुटांवर आडवा वासा, उंची दोन फूट. मैना पाच वेळा गेली. पाचव्या वेळी मुलगी आकडे म्हणायचं विसरली आणि शेवटच्या उडीनंतर आठवण येऊन एकदम "सात!" ओरडली. दफेदार वासे गोळा करायला वाकलेले होते, तसेच वाकून हसले. मग दहा मिनिटं घोडी चालवून घाम वाळवला आणि तिला उसाचं थोडं वाडं दिलं.

आम्ही पुढचे आठ आठवडे नोंदवलेत, मंगळवार आणि गुरुवारच. शनिवारी सकाळची एक वेळ रिकामी आहे असं परवा कळलं. जाणाऱ्यांनी हेल्मेट स्वतःचं न्यावं, तिथं जास्तीची दोनच आहेत आणि ती लहान मापाची आहेत. घोडीची पाठ डॉक्टरांकडून आधीच तपासून न्यावी, म्हणजे माझ्यासारखी एक फेरी वाया जाणार नाही. केर्ली गावाच्या पुढं कुणालाही दफेदारांची पागा विचारा, दाखवतात.